दीडशे लिटरचा बोर्ड आणि दाजींचं वजन

मित्रांनो, मी एक जुना बोर्ड आहे. बोर्ड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर शाळेतला फळा येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो, खडूचा आणि माझा काही संबंध नाही. मी पाण्यावरचा बोर्ड. माझ्यात हवा भरतात. हवा काढली की माझी वळकटी होते आणि मी पाठीवरच्या पिशवीत मावतो. हवा भरली की असा टणक होतो की माझ्यावर चढून कोणी उड्या मारल्या तरी मी वाकत नाही. निदान माझ्या ऐन उमेदीत तरी वाकत नव्हतो.

माझ्यावर उभं राहून माणसं विंग फॉइलिंग नावाचा खेळ खेळतात. हातात हवा भरलेलं एक हलकं शीड धरायचं, ती विंग. माझ्या पोटाखाली एक उभा दांडा बसवतात आणि त्या दांड्याच्या टोकाला छोटे पंख, ते फॉइल. विंगमध्ये वारा भरला की मी पळू लागतो, वेग आला की फॉइल मला पाण्याच्या वर उचलतं, आणि मग माणूस काही आवाज न करता हवेतून सरकत जातो. काठावरच्या लोकांना ही जादू वाटते. कसली जादू? साधा हिशोब आहे, आणि तो सुरू होतो माणसाच्या वजनापासून. त्या हिशोबात एकदा एका भल्या माणसाने खोटा आकडा घातला, आणि दुसऱ्या भल्या माणसाने तो खोटा आहे हे माहीत असून खपवून घेतला. त्या सकाळी काय झालं तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

पण आधी माझ्याबद्दल थोडं. माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या आत हजारो धागे आहेत. वरचं कापड आणि खालचं कापड त्या धाग्यांनी एकमेकांना बांधलेलं आहे, म्हणून हवा भरल्यावर मी फुग्यासारखा गोल होत नाही, सपाट राहतो. माझ्या कडा एका बाईंनी चिकटवल्या. त्यांचा चष्मा कायम कपाळावर असायचा आणि त्या तो टेबलावर शोधायच्या. पण कड दाबताना त्यांचा हात एकदाही हलला नाही. त्यांनी मला हवा भरून एक दिवस आणि एक रात्र तसंच ठेवलं. मग सगळीकडे साबणाचं पाणी लावून बघितलं. एकही बुडबुडा आला नाही. शेजारणीला त्या म्हणाल्या, "हा टिकेल. पण नेणाऱ्याने व्हॉल्व्हकडे लक्ष द्यावं. कडेची जबाबदारी आपली, वायसरची त्यांची."

वायसर म्हणजे रबराची चकती. ज्या तोंडातून माझ्यात हवा भरतात त्याच्या झाकणाखाली ती बसते आणि हवा आत राखते. माझं सगळं आयुष्य त्या अंगठ्याएवढ्या चकतीवर अवलंबून आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. तरुणपणी कोणाला कळतं?

तिथून मी आलो एका खाडीच्या काठावर, पत्र्याच्या शेडमध्ये. शेडचे मालक मास्तर. ते आधी शिडं शिवायचे, त्यामुळे त्यांच्या बोटांना जाड घट्टे होते आणि बोलणं मोजून मापून. त्यांना दोन मुली. थोरली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, तिला सगळे ताई म्हणायचे. धाकटी मास्तरांच्या बरोबरीने लोकांना हा खेळ शिकवायची. तिला घरात, शेडमध्ये, काठावर सगळीकडे धाकटीच म्हणायचे.

आम्हा बोर्डांना तिथे लिटरवरून नावं होती. बोर्ड जितक्या लिटरचा, साधारण तेवढे किलो तो पाण्यावर पेलतो, आणि त्यातच त्याचं स्वतःचं आणि फॉइलचं वजनही आलं. मी सगळ्यात मोठा, म्हणून मी दीडशे. माझ्यानंतर शंभर आला, आणि मग पंच्याऐंशी. मास्तरांचा नियम एका ओळीचा होता. शिकाऊ असेल तर वजनात पन्नास मिळवा, मुरलेला असेल तर पंधरा, आणि जो आकडा येईल तो बोर्ड द्या. त्यासाठी दाराशी वजनकाटा ठेवला होता. त्याची काच तडकलेली होती, पण सुई सरळ होती. कोणी कितीही मोठा साहेब येवो, काट्यावर उभा राहिल्याशिवाय त्याला बोर्ड मिळत नसे.

खरं तर मास्तरांना काटा लागायचाच नाही. माणूस ओल्या वाळूवरून शेडकडे चालत आला की ते त्याच्या पावलाचा ठसा बघायचे आणि मनातल्या मनात आकडा ठरवायचे. मग गिऱ्हाईक काट्यावर चढायचं आणि सुई बरोबर तिथेच थांबायची. एखाददुसरा किलो इकडेतिकडे, बस. धाकटी म्हणायची, "बाबा, तुम्ही बाजारात बसला असता तर तराजूवाल्यांचा धंदा बसला असता."

माझी पहिली चार वर्षं मजेत गेली. पहिल्यांदा पाण्यात उतरलेला जो तो माझ्यावरच उभा राहायचा. माझ्यावरून हजार वेळा माणसं पडली आणि हजार वेळा परत चढली. एका पोस्टमन काकांनी तर माझ्या पाठीवर थाप मारून, "दीडशे, तू देवमाणूस आहेस," असं म्हटलं होतं. मी माणूस नाही, पण बरं वाटलं.

मग माणसं शिकली आणि त्यांना बारीक, चपळ बोर्ड हवेसे झाले. शंभर आणि पंच्याऐंशी सकाळ उजाडली की बाहेर पडायचे. मी मागच्या भिंतीला टेकून उभा. माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालू लागले. कोणी मला गादी म्हणायचं, कोणी दरवाजा. त्यातच माझा वायसर दबून चपटा झाला. सकाळी भरलेली हवा दुपारपर्यंत उतरायची. मास्तर दर सकाळी चार पंप जास्त मारून मला टणक करून ठेवायचे आणि म्हणायचे, "वायसर बदलायचाय, उद्या बघू." असे साठ उद्या गेले. आणि मित्रांनो, मी तरी काय कमी? गिऱ्हाईक आलं की मी असा छाती काढून उभा राहायचो, जसं माझ्यात काही खोट नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता दाजींविषयी. दाजी म्हणजे ताईचे यजमान, मास्तरांचे जावई. गेल्या वर्षी ते पहिल्यांदा आले तेव्हा माझ्यावरच शिकले. तेव्हा ते ब्याऐंशी किलोंचे होते. माणूस मनाने फार चांगला. पडले की हसायचे, आणि मला उचलताना "चला दीडशे" म्हणायचे. पण त्या वर्षी त्यांना कचेरीत बढती मिळाली आणि दिवसभर खुर्चीत बसायचं काम आलं. बाकी तुम्ही समजून घ्या.

या वर्षी ते आले ते बाह्या सरसावूनच. वर्षभर दर रविवारी त्यांनी कुठल्याशा तलावावर सराव केला होता आणि ते त्यांना सासऱ्यांना दाखवायचं होतं. ताई मागून हळूहळू येत होती. मी भिंतीला टेकून ओल्या वाळूवरचे दाजींचे ठसे बघत होतो. ठसा खोल होता. टाचेच्या जागी तर पाणी साचलं होतं.

मास्तरांनीही तो ठसा बघितला. मी त्यांचे डोळे बघितले ना. ते एक क्षण थांबले, आणि मग मुलगी आली म्हणून पुढे होताना त्यांनी पायाने ती वाळू सारखी केली.

"मास्तर, यंदा दीडशे नको हं," दाजी हसत म्हणाले. "तो शिकाऊंचा. मला पंच्याऐंशी द्या. सत्तर आहे मी आता. सत्तर अधिक पंधरा, पंच्याऐंशी. तुमचाच नियम."

धाकटी हातात मार्कर घेऊन फळ्यावर नावं लिहीत होती. तिने मान वर केली. "दाजी, काट्यावर या की एकदा. सगळेच येतात."

दाजींचं हसू जरा कमी झालं. ताईने पदर सारखा करायला सुरुवात केली, जो आधीच सारखा होता. मास्तर पटकन म्हणाले, "अगं, जावईबापूंना काय काट्यावर उभं करतेस? त्यांना काय माहीत नाही का स्वतःचं वजन?"

झालं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि ताक देणाऱ्यानेही दुसरीकडे बघायचं. मला त्या वेळी इतका राग आला होता की सांगता येत नाही. पण बोर्डाला तोंड नसतं, नुसतं हवेचं भोक असतं, आणि तेही गळकं.

वारा चांगला होता आणि भरती नुकतीच पूर्ण झाली होती. खाडीच्या मधोमध वाळूची एक लांब पट्टी आहे, ती तेव्हा पूर्ण पाण्याखाली होती. पट्टीच्या अलीकडे शांत पाणी. पलीकडे खाडीचं खोल पात्र, आणि ते पुढे समुद्राच्या तोंडाशी जातं, जिथे लाटा फुटतात. पात्रात जाळी बांधायचे पाच खुंट ओळीने ठोकलेले आहेत. पाचव्या खुंटाच्या पुढे आमच्या शेडचं कोणीही कधी जात नाही.

पंच्याऐंशी लिटरच्या बोर्डावर तसा खोल ठसा उमटवणारा माणूस स्थिर उभा राहिला तर बोर्ड त्याच्यासकट पाण्याखाली जातो. पण जोराचा वारा असेल आणि माणसाला सराव असेल तर तो अर्धा बुडालेला असतानाच वेग घेतो आणि वर येतो. दाजींना तीन वेळा जमलं नाही. चौथ्या वेळी वाऱ्याचा एक जोराचा झोत आला, पंच्याऐंशी पाण्यातून उठला आणि दाजी सरळ पट्टीवरून पलीकडे उडत गेले. काठावरच्या चारपाच लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईसुद्धा हसली. पात्राच्या मध्यावर दाजी वळायला गेले आणि पडले.

पडण्याचं काही नाही, सगळेच पडतात. पण त्याच वेळी वाऱ्याचा जोर गेला. दाजी बोर्डावर चढायचे, बोर्ड बुडायचा, दाजी घसरायचे. परत चढायचे, परत घसरायचे. लांबून बघताना वाटायचं की मनुष्य दम खातोय.

धाकटी म्हणाली, "बाबा, आपली इंजिनाची बोट काढू या का?"

"थांब जरा," मास्तर म्हणाले. "वारा येईल. बोट नेली तर त्यांना वाटेल आपल्याला भरवसा नाही. चार लोक बघतायत."

त्यांच्या हातातली दोरी ते उगाच गुंडाळत होते आणि परत सोडत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करणार काय? असा अर्धा तास गेला. आणि त्या अर्ध्या तासात पाणी फिरलं. ओहोटी लागली. पट्टीची पाठ पाण्याबाहेर दिसू लागली आणि दाजी पहिल्या खुंटाजवळून दुसऱ्या खुंटाजवळ गेले. ते स्वतः जात नव्हते, पाणी त्यांना नेत होतं.

मग मात्र मास्तर धावले. पण आता बोट पट्टीवरून जाऊ शकत नव्हती, तिचा पंखा वाळूत अडकला असता. पट्टीला वळसा घालून लांबच्या वाटेने जायला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागणार होता. मास्तरांनी इंजिनाची दोरी ओढली आणि मागे न बघता निघाले. त्यांचा चेहरा मी तेवढा एकदाच तसा बघितला आहे.

"अर्ध्या तासात दाजी पाचव्या खुंटाच्या पुढे गेलेले असतील," धाकटी म्हणाली. ती ताईशी बोलत नव्हती, स्वतःशीच बोलत होती. "मी पट्टीवरून चालत बोर्ड घेऊन जाते. वल्हं मारत जाता येईल."

शेडमध्ये दोनच बोर्ड उरले होते, शंभर आणि मी. शंभर टणक, हलका, पळत नेता येईल असा. मी जड, मंद आणि गळका. धाकटीने शंभरला हात घातला आणि ती थांबली. ती ताईकडे वळली.

"ताई, खरं सांग. दाजींचं वजन किती?"

ताई दाराशी ठेवलेल्या काट्याकडे बघू लागली.

"सत्तर असतील तर मी शंभर नेते. तो त्यांना आरामात पेलेल आणि मी लवकर पोहोचेन. जास्त असतील तर ओल्या कपड्यांसकट ते शंभरवर पाण्याच्या पातळीवर येतील आणि पहिल्या लाटेला उलटतील. मग मला दीडशे न्यावा लागेल. मला चुकीचा बोर्ड न्यायला परवडणार नाही. आकडा सांग."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती गं. कोणाला सांगू नको म्हणाले."

"ताई."

"एक्याण्णव," ताई म्हणाली. "गेल्या आठवड्यात दवाखान्यात मोजलं. दोन पँटींची शिवण मीच उसवून सैल केलीय." आणि ती तिथेच काट्याजवळ खाली बसली आणि रडायला लागली. नवऱ्याची शपथ मोडली म्हणून की आधीच मोडली नाही म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

धाकटीने माझ्यावरचे टॉवेल ओढून फेकले. वल्हं, पंप आणि एक लांब दोरी माझ्यावर बांधली आणि मला डोक्यावर घेऊन ती निघाली. बावन्न किलोंची पोरगी, आणि मी दरवाजाएवढा. अलीकडच्या पाण्यात तिने वल्हं मारलं, पट्टीवर मला परत उचललं. पट्टीच्या पलीकडच्या कडेला ती थांबली, कारण पुढे उभं राहायला जमीन नव्हती. तिने तिथे मला शेवटची हवा भरली. ती पंप मोजत होती. एकतीस, बत्तीस, तेहतीस. माझ्या नाकाजवळच्या झाकणातून बारीक आवाज येत होता. तिने तो ऐकला आणि झाकण मुठीने घट्ट पिळलं. आवाज बारीक झाला, थांबला मात्र नाही.

"दीडशे, आज उतरू नकोस," ती म्हणाली. पंप तिने तिथेच वाळूत रोवला आणि आम्ही पात्रात शिरलो.

मला खरंच सांगू का? मी घाबरलो होतो. दोन महिने मी टणक असल्याचं सोंग केलं होतं, आणि आता ते सोंग एका माणसाच्या जिवावर बेतणार होतं. दाजींनी एक आकडा लपवला तर मी त्यांच्यावर रागावलो होतो. माझी गळती मी कोणाला सांगितली होती?

चौथ्या खुंटाच्या पुढे आम्ही दाजींना गाठलं. ते पंच्याऐंशीला मिठी मारून होते. छातीपर्यंत पाण्यात, ओठ निळे पडलेले. विंग लांब वाहून गेली होती. एका पायाच्या पोटरीत गोळा आला होता.

"मेव्हणीबाई, तू कशाला आलीस?" ते म्हणाले. त्यांचे दात वाजत होते, तरी त्यांनी हसून बघितलं. "येतंय मला. जरा वारा आला की निघतो."

"दाजी, दीडशेवर चढा."

"अगं, मी बरा आहे."

"ताईने आकडा सांगितलाय," धाकटी म्हणाली.

दाजींनी माझ्याकडे बघितलं, माझ्या कडेला हात लावला आणि कसेबसे पोटावर चढले. गेल्या वर्षी माझ्यावरून पडला की हसायचा तो माणूस माझ्यावर थरथरत पडला होता. मी वाकलो, पण पेललं. धाकटी पंच्याऐंशीवर सरकली. तो तिला नीट पेलत होता, बावन्नला पंच्याऐंशी भरपूर झाला. बघा मित्रांनो, सकाळीच जर ज्याचा बोर्ड त्याच्याकडे गेला असता तर ही वेळच आली नसती.

पण ओहोटीशी भांडून परत जाण्याइतकं बळ एकटीच्या वल्ह्यात नव्हतं. हे धाकटीला ठाऊक होतं. तिला फक्त पाचवा खुंट गाठायचा होता. समुद्राच्या तोंडाकडून लाटा फुटल्याचा आवाज येत होता आणि तो दर मिनिटाला मोठा होत होता. तिने दोरीचं एक टोक मला बांधलं, एक पंच्याऐंशीला, आणि मधला भाग मांडीवर ठेवून ती आडवी, तिरकी वल्हं मारत सुटली. खुंट जवळ आला. पहिल्यांदा दोरी फेकली ती खुंटावरून घसरली. आम्ही खुंटाला ओलांडून पुढे जात होतो. तिने पंच्याऐंशीवर गुडघ्यांवर उठून परत फेकली. दोरी बसली, ताणली, आणि आम्ही दोन्ही बोर्ड जागच्या जागी थांबलो. पाणी आमच्या दोन्ही बाजूंनी समुद्राकडे पळत होतं.

आता वाट बघायची होती. तेवढ्यात माझ्या झाकणाचा आवाज पुन्हा सुरू झाला. दोरीच्या ओढीने मी मधून वाकू लागलो. दाजींच्या छातीखाली पाणी आलं.

"दाजी, ते नाकाजवळचं झाकण दिसतंय?" धाकटी ओरडून म्हणाली. "त्यावर तळहात ठेवा आणि जोर लावून दाबा. वायसर गेलाय त्याचा. बोट येईपर्यंत हात काढायचा नाही."

दाजींनी झाकणावर तळहात ठेवला, त्यावर दुसरा हात ठेवला आणि वरून हनुवटी टेकून अंगाचा भार दिला. आवाज थांबला. ज्या वजनाची त्यांना लाज वाटत होती तेच त्या वेळी माझ्या कामाला आलं.

किती वेळ गेला मला माहीत नाही. दाजींची बोटं पांढरी पडली होती. एकदा लाट तोंडावरून गेली, ते खोकले, पण हात हलला नाही. मग ते अगदी हळू म्हणाले, "एक्याण्णव आहे मी."

"माहितीय," धाकटी म्हणाली.

"तुला नाही सांगत. याला सांगतोय," दाजी म्हणाले.

मित्रांनो, मला आयुष्यात बरीच शाबासकी मिळाली, पण इतक्या मानाने माझ्याशी कोणी बोललेलं नाही.

बोटीचा आवाज आला तेव्हा मी मधून इतका वाकलो होतो की दाजींची कंबर पाण्यात होती. मास्तरांनी बोट खुंटाच्या वरच्या बाजूने आणली, इंजिन मंद केलं आणि जावयाला दोन्ही काखांत हात घालून ओढून घेतलं. मग मुलीला. मग पंच्याऐंशीला आणि मला. मास्तरांनी अंगातलं जॅकेट काढून दाजींच्या खांद्यावर टाकलं आणि परतीच्या वाटेभर एक हात त्यांच्या पाठीवरून काढला नाही. काठावर ताई गुडघाभर पाण्यात उभी होती. दाजी उतरले तशी ती त्यांच्या अंगावर धावून गेली, आणि रागाने धरलेला त्यांचा सदरा तिने बराच वेळ सोडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तेव्हा दाजी दारात उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी चप्पल काढली आणि ते काट्यावर चढले. सुई हलली आणि एक्याण्णववर थांबली.

"एक्याण्णव," त्यांनी मोठ्याने वाचलं. "लिहून घे, मेव्हणीबाई."

मास्तर शीड दुमडत होते. त्यांनी ते खाली ठेवलं. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "काल तुमचा ठसा बघितला होता. नव्वदच्या वर आहे हे तेव्हाच कळलं होतं मला. मी पायाने पुसला तो."

दाजी काट्यावर तसेच उभे राहिले. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही जावई."

"आणि मी तुमच्यासमोर बारीक दिसायला बघत होतो," दाजी म्हणाले. ते काट्यावरून खाली उतरले. मग दाजी म्हणाले, "मास्तर, जावई घरी. इथे मी गिऱ्हाईक. मला काट्यावर उभं करत जा."

मास्तरांनी मान हलवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, पण चष्म्याला काही झालं नव्हतं. मग ते माझ्याकडे आले. स्वतःच्या हाताने माझं झाकण उघडलं, चपटा वायसर बाहेर काढला आणि तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवला. त्याच्या खाली वाळूचा एक कण रुतून बसला होता. "हेही मला दोन महिने माहीत होतं," ते म्हणाले. नवा वायसर बसवायला त्यांना चहा निवायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. धाकटीने साबणाचं पाणी लावलं. आम्ही सगळे झाकणाकडे बघत होतो. एकही बुडबुडा आला नाही.

त्यानंतरचे आठ दिवस दाजींनी मलाच नेलं. पंच्याऐंशी अजूनही माझ्याहून चपळ आहे आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. खेळून झालं की माझ्या अंगावरचं खारं पाणी धुऊन टाका. मला हवा भरून भर उन्हात सोडू नका, आतली हवा तापते आणि माझ्या कडा उसवतात. वायसर उद्यावर टाकू नका. आणि कधी बोर्ड निवडायला आमच्या शेडमध्ये आलात, तर आधी माझ्या झाकणाला साबणाचं पाणी लावून बघा, मी वाईट वाटून घेणार नाही. मग चप्पल काढून काट्यावर उभे राहा आणि सुई जिथे थांबेल तो आकडा मोठ्याने सांगा. एकशेदहा असलात तरी सांगा. मी मागच्या भिंतीला टेकून उभा असतो.